मिरचीच्या शेतातून विद्यापीठाच्या दारी

नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेस लागून असलेले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात बाजारात पडणारे मालाचे ढीग, देठ खुडीत बसलेल्या स्त्रियांच्या रांगा आणि नाकातोंडात जाणारा खकाणा यांवरूनच नवख्या माणसास गावाची ओळख पटते. सीमेच्या अलीकडचा माल आणि पलीकडचा माल या बाजारात एकत्र येतो. साहजिकच पलीकडे मिरचीवर संकट आले की त्याची झळ इकडे लागल्यावाचून राहत नाही.

असे एक संकट २०२१ साली आले. तेलंगण, आंध्र आणि कर्नाटक या राज्यांत मिरचीच्या फुलांत काळसर रंगाचे फुलकिडे थव्याथव्याने दिसू लागले. पानाच्या खालच्या बाजूस राहणारा नेहमीचा फुलकिडा शेतकऱ्यांच्या परिचयाचा होता. हा मात्र थेट फुलातच ठाण मांडून बसे. फुले गळत, फळ धरत नसे आणि फवारणीमागून फवारणी करूनही कीड आटोक्यात येत नसे. थ्रिप्स पार्व्हिस्पायनस असे तिचे शास्त्रीय नाव. भारतात तिची पहिली नोंद २०१५ साली पपईवर झाली होती. मिरचीवर तिने असा घाला सहा वर्षांनी घातला.

आता याच किडीसंबंधीची दुसरी एक हकीकत पाहावी. नेदरलँड्स देशात वागेनिंगेन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कृषिविद्यापीठ जगात नावाजलेले असून त्याचा उगम १८७६ साली स्थापन झालेल्या कृषिशाळेत आहे. या विद्यापीठात इंडोनेशियातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मिरचीच्या नाना वाणांची फुलकिड्यांस तोंड देण्याची शक्ती तपासली आणि त्या विषयावर २०१३ साली पीएच. डी. मिळविली. ज्या दोन जातींच्या फुलकिड्यांवर त्याने वाण पारखले, त्यांपैकी एक जात म्हणजे हीच थ्रिप्स पार्व्हिस्पायनस. इंडोनेशियातील मिरचीस तिचा उपद्रव आधीपासून होता. तो प्रश्न घेऊन तो विद्यार्थी युरोपात गेला. आपल्या शेतात कीड उतरण्यापूर्वी आठ वर्षे तिच्यावरील एक प्रबंध ग्रंथालयात दाखल झालेला होता. असा प्रश्न धर्माबादच्या शिवारातून कोणी का नेऊ नये, हा विचार येथील प्रत्येक कृषिपदवीधराच्या घरी व्हावयास हवा.

‘आपल्याला ते परवडणार नाही’ हे या विचारावरचे नेहमीचे उत्तर होय. परदेशी शिक्षण म्हणजे दोन-चार एकर जमिनीवर पाणी सोडणे, अशी समजूत गावोगाव रूढ आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पैसे भरून घ्यावयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ती पुष्कळदा लागू पडते. डॉक्टरेटच्या संशोधनाची गोष्ट मात्र निराळी आहे. युरोपातील अनेक देशांत असा संशोधक विद्यार्थी गणलाच जात नाही. तो विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. नेदरलँड्समध्ये बहुतेक संशोधकांना चार वर्षांचा करार आणि दरमहा वेतन मिळते. डेन्मार्कमध्ये हा करार बहुधा तीन वर्षांचा असतो. स्वीडनमध्ये डॉक्टरेटसाठी शुल्क आकारले जात नाही आणि संशोधकास सामान्यतः वेतनावर नेमले जाते; उप्साला येथे त्या देशाचे कृषिविद्यापीठ आहे. युरोपीय संघाची मारी क्युरी यांच्या नावाची जी संशोधन योजना आहे, तिच्यातील डॉक्टरेटच्या जागांना कोणत्याही देशाच्या उमेदवारास अर्ज करता येतो. अट एवढीच की, उमेदवाराने अगोदर डॉक्टरेट मिळविलेली नसावी आणि मागील ३६ महिन्यांत ज्या देशात जावयाचे त्या देशात त्याचे वास्तव्य १२ महिन्यांहून अधिक झालेले नसावे. धर्माबादेत राहून शिकलेल्या मुलास ही दुसरी अट आड येण्याचे कारण नाही. कधी परदेशी न गेल्याचा लाभ व्हावा, असे प्रसंग थोडेच. त्यांपैकी हा एक.

येथे ‘पूर्ण अर्थसाह्य’ या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण फसगत नेमकी येथेच होते. जर्मनीत डॉक्टरेटसाठी सहसा शिक्षणशुल्क नसते. हे ऐकून ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असा अर्थ घेतला जातो. परंतु शुल्क नसले तरी घरभाडे, जेवणखाण, विमा आणि हिवाळ्याचे कपडे यांचा खर्च राहतोच. पगारी जागा किंवा निर्वाहवेतन हाती नसेल, तर अशा प्रवेशास पूर्ण अर्थसाह्य म्हणता येत नाही. उलट, जर्मनीतील पुष्कळ पगारी जागा पूर्ण वेतनाच्या नसून अर्ध्या किंवा दोन-तृतीयांशाच्या आसपास असतात; तरी काटकसरीने राहणाऱ्या एकट्या माणसाचे त्यात भागते. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिकांहून बरेच अधिक असते. तेथे शिष्यवृत्ती जाहीर झाली तरी ती दोन शुल्कांमधील फरक भरून काढते की नाही, हे अगोदर पाहावे लागते. शुल्क, निर्वाह, प्रवास आणि विमा या चारही गोष्टी भागतात का, आणि त्या प्रबंध पुरा होईपर्यंत भागतात का, असे विचारावे. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

त्याचे महत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवरून जितके कळते, तितके दुसऱ्या कशानेही कळणार नाही. १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तेथील अभ्यास आटोपून १९१६ साली ते लंडनला आले आणि अर्थशास्त्राच्या संशोधनास लागले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली काम अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. ज्या बोटीने त्यांची पुस्तके येत होती, ती पाणतिराने बुडाली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य घेतले, एका मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. डी. एस्सी. ही पदवी त्यांना १९२३ साली मिळाली. मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी भारतातील लहान शेतधारणेवर निबंध लिहिला, हेही शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तशी बुद्धी आणि जिद्द असलेल्या पुरुषालाही अपुऱ्या मुदतीच्या शिष्यवृत्तीने तीन वर्षे मागे ओढले. इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनची डॉक्टरेट मिळविली, ती जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जाच्या बळावर. आज शेतकऱ्याच्या मुलीला कर्ज काढून जाण्याची गरज पडू नये, अशा सोयी झाल्या आहेत; त्या माहीत मात्र फार थोड्यांना आहेत.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आणि ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी असतात. उरलेल्या ४ जागा भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी राखलेल्या आहेत, ही गोष्ट गावात क्वचितच कोणाच्या कानावर गेलेली असते. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यातून दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’ संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती, आदिवासी आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल खुला वर्ग यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या निरनिराळ्या योजना आहेत. वय, कुटुंबाचे उत्पन्न आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान यांविषयीच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर न विसंबता चालू वर्षाची जाहिरातच वाचावी.

या सरकारी योजनांचा एक नियम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विद्यापीठाचा प्रवेश अगोदर आणि शिष्यवृत्ती मागाहून, असा त्यांचा क्रम आहे. प्रवेशपत्र हाती नसता केलेला अर्ज पुढे सरकत नाही. आणि डॉक्टरेटचा प्रवेश म्हणजे, मार्गदर्शन करण्यास एखादा प्राध्यापक राजी होणे. तेव्हा सर्व खटाटोपाचा आरंभ एका पत्रापासून होतो.

हे पत्र कसे असावे? ‘मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे’ एवढेच सांगणारी पत्रे प्राध्यापकांकडे ढिगांनी येतात आणि तशीच पडून राहतात. प्राध्यापकास हवा असतो प्रश्न. धर्माबादच्या उमेदवाराजवळ तो घरचाच आहे. वाळलेल्या मिरचीत अस्पर्जिलस बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. युरोपीय संघाने मिरचीतील त्याच्या बी-१ या प्रकाराची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात अवघे ५ मिलिग्रॅम, ठरवून दिली आहे. सर्व प्रकार मिळून ती १० मायक्रोग्रॅम आहे. त्याहून अधिक विष आढळलेला माल तेथील बाजारात विकता येत नाही. तेव्हा उघड्या मातीवर वाळविलेली, ताडपत्रीवर वाळविलेली आणि ओल राहून पोत्यात भरलेली मिरची यांत हे विष किती व केव्हा वाढते? अवेळी आलेल्या पावसाने त्यात काय फरक पडतो? ज्याच्या घरच्या खळ्यावर दरवर्षी मिरची वाळते, त्याने तोडणीच्या तारखा, वाळविण्याचे दिवस आणि पावसाची नोंद दोन हंगाम वहीत ठेवली, तर त्याचे पत्र इतरांहून वेगळे उठून दिसेल. परभणीच्या कृषिविद्यापीठात एम. एस्सी.चा प्रबंध अशाच विषयावर करता आला, तर फारच उत्तम. विषय शक्यतो तेथेच पक्का करावा.

संशोधन परदेशी झाले तरी त्याचे शेत परदेशीच असले पाहिजे असे नाही. वागेनिंगेन येथे एक पद्धत आहे. तीनुसार विद्यार्थी आरंभीचा व अखेरचा काळ विद्यापीठात घालवितो आणि मधले प्रत्यक्ष काम स्वदेशात करतो. घरची शेती पाहणाऱ्या उमेदवारास ती विशेष सोयीची आहे. मात्र तिच्यातही निर्वाहाचा पैसा कोठून येणार, हे अगोदर ठरवून घ्यावे लागते.

परतून काय मिळते, असे कोणी विचारील. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना कलकत्ता विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीस पाठविले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तेथे स्थानबद्ध झाले. तशाही स्थितीतून निभावून त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. १९४६ साली पुण्यात जी विज्ञानवर्धिनी संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. १९९२ पासून त्या संस्थेच्या संशोधनालयास त्यांचेच नाव आहे. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘एमएसीएस’ ही अक्षरे पाहिलेली असतात. ती याच संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. कोकणातील एका माणसाच्या डॉक्टरेटचा धागा असा फिरून मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत येऊन पोचला आहे.

दलालांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तालुक्याच्या गावीही आता परदेशी प्रवेश ‘हमखास’ मिळवून देणारे भेटतात. पगारी संशोधनाच्या जागेसाठी कोणतेही प्रामाणिक विद्यापीठ उमेदवाराकडून अनामत मागत नाही आणि कोणत्याही मध्यस्थाची शिफारस तेथे चालत नाही. या जागांच्या जाहिराती विद्यापीठांच्या आणि युरोपीय संघाच्या ‘युरॅक्सेस’ या अधिकृत संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतात. मध्यस्थाने पैसे मागितले की जमिनीच्या सातबाऱ्यास हात लावण्यापूर्वी ती जाहिरात मूळ ठिकाणी स्वतः उघडून पाहावी, किंवा जाणत्याकडून पाहून घ्यावी. असंख्य कुटुंबांचे नुकसान एवढ्या एका गोष्टीने टळेल.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचे काम यात मोठे आहे, पण अवघड नाही. आपल्या गावांतून बी. एस्सी. कृषी किंवा एम. एस्सी. झालेली मुले-मुली किती, याची त्याने यादी करावी. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांना महिनोन्‌महिने लागतात, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच मागवून ठेवावीत. पासपोर्टही तेव्हाच काढावा. त्यावरील नावाचे अक्षरलेखन दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळते की नाही, हे तपासावे. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल बहुधा दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, तेव्हा ती परीक्षा मात्र घाईने देऊ नये. प्राध्यापकाचे अनुकूल उत्तर येण्याच्या सुमारास द्यावी. पहिल्या पत्रास बहुधा उत्तर येत नाही. दुसरे पत्र दुसऱ्या प्राध्यापकास लिहावे, आणि तोवर मिरचीच्या खळ्यावरील नोंदवही चालू ठेवावी.