क्रूसावरची लॅटिन अक्षरं

1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे संस्कृत विदुषी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण बाई बदलली नाही! मांसाहाराला त्यांनी ठाम नकार दिला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या ख्रिस्ती मठातल्या साध्वींशी घातला. ख्रिस्त स्वीकारायचा म्हणजे इंग्रज व्हायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

ख्रिस्ती होऊनही भारतीय राहण्याची ही ओळख पुढे त्यांनी पुण्याजवळच्या केडगावात उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये दिसली. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा इथे आणल्या. विधवेचं केशवपन करून तिला अपशकुनी ठरवण्याचा तो काळ. रूप आणि सौभाग्य यांवरच बाईची किंमत ठरे. रमाबाई स्वतः विधवा. साधं पांढरं लुगडं, आखूड केस. देवाच्या लेखी प्रत्येकीला मोल आहे, हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही. मुलींना वाचायला शिकवलं, माग दिले, छापखाना दिला.

मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या. त्या बायबलची छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली.