बोटीवरची कंबरदुखी

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण कोचीहून बोटीने लक्षद्वीपला गेलो होतो. दिवसा एखाद्या बेटावर उतरायचे आणि रात्री बोटीवर परतून पुढच्या बेटाकडे निघायचे, असा बेत होता. आमच्याबरोबर आम्हाला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या, वय अडुसष्ट. पहिल्याच संध्याकाळी बर्थखालची पिशवी ओढून काढताना त्यांची कंबर धरली. "बाई, आता अजिबात हलू नका," असे आम्ही सर्वांनी बजावले. ती रात्र आणि पुढचा सगळा दिवस त्या पडून राहिल्या. पहिले बेट त्यांनी केबिनच्या गोल खिडकीतूनच पाहिले. दुखणे कमी होण्याऐवजी पाठ फळीसारखी ताठ झाली.

आमचे क्षेत्र पदार्थविज्ञान, वैद्यक नव्हे. तरीही बोटीवर कंबर का दुखते याचा मोठा भाग पदार्थविज्ञानाचाच आहे, आणि तो शाळेतल्या गणिताने समजू शकतो. वैद्यकाचा भाग आम्ही एका डॉक्टर मित्राकडून तपासून घेतला आहे.

कणा आणि डोलकाठी

पाठीचा कणा हा एकसंध खांब नाही. एकावर एक रचलेले मणके, त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या, आणि ही रचना उभी ठेवणारे चारी बाजूंचे स्नायू, असा हा सारा खटाटोप आहे. शिडाच्या होडीतली डोलकाठी जशी दोरांच्या ताणावर उभी असते, तसाच कणा स्नायूंच्या ताणावर उभा असतो. जमिनीवर शांत उभे असताना या दोरांना फारसे काम नसते. बोटीवर मात्र पायाखालची जमीनच कलते.

समजा, बोट एका बाजूला ५ अंशांनी कलली. ५ अंशांची 'साइन' सुमारे ०.०८७ आहे. कमरेच्या वरच्या शरीराचे वजन ३५ किलो धरले आणि शरीर बोटीबरोबर तसेच कलू दिले, तर सुमारे ३ किलो वजनाइतका ओढा बाजूला पडतो. तो आवरण्यासाठी विरुद्ध बाजूचे स्नायू आवळावे लागतात. ३ किलो म्हणजे काही फार नव्हे. पण बोटीचा एक पूर्ण झोका १२ सेकंदांचा असेल, तर तासाला ३०० झोके होतात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६०० वेळा हे काम करावे लागते. खुर्चीत नुसते बसून राहिलो तरी संध्याकाळी कंबर का थकते, ते यावरून लक्षात येईल.

ज्याची कंबर आधीच दुखते तो आणखी एक गोष्ट करतो. पुढचा झोका येईल या धास्तीने तो पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकाच वेळी आवळून धरतो. दोन्हीकडचे दोर एकदम ताणले की डोलकाठी स्थिर होते हे खरे, पण ती खालीही दाबली जाते. कण्याचे तेच होते.

जागा कोणती निवडावी?

बोट बाजूला डोलते तशी पुढे-मागेही डुलते. मोठ्या पर्यटन-जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. त्यांनी बाजूचे डोलणे बरेच कमी होते, पण पुढचे-मागचे डुलणे फारसे कमी होत नाही.

१२० मीटर लांबीची बोट घेऊ. ती मध्याभोवती २ अंशांनी वर-खाली डुलते आहे. मध्यापासून ५० मीटरवर, म्हणजे टोकाजवळ बसलेला माणूस मूळ पातळीपासून सुमारे पावणेदोन मीटर वर आणि तितकाच खाली जाईल. मध्यापासून १० मीटरवर बसलेला फक्त ३५ सेंटिमीटर. हा झोका ८ सेकंदांचा असेल, तर टोकाजवळच्या माणसाचे वजन क्षणात ११ टक्के वाढेल आणि क्षणात तितकेच घटेल. मध्याजवळच्याचे जेमतेम २ टक्के. म्हणून कंबरदुखी असणाऱ्याने केबिन मागताना समुद्राचे दृश्य पाहू नये; बोटीच्या मध्याजवळची आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. वर्गात फूटपट्टी मधोमध पेन्सिलीवर टेकवून हलवली, तर टोक किती हलते आणि मध्याजवळची खूण किती, हे मुलांना लगेच दिसेल.

पिशवी आणि तरफ

पाठीचे स्नायू कण्याच्या मागे, त्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर ओढ देतात. हातातली १० किलोची पिशवी कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर तिचा तोल सावरण्यासाठी स्नायूंना १० पट, म्हणजे १०० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. पिशवी पोटाशी, २० सेंटिमीटरवर आणली की तोच जोर ४० किलोवर येतो. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत दाब मोजणारा सूक्ष्म संवेदक बसवला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पडून असताना चकतीतला दाब ०.१ मेगापास्कल होता, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका. उभे असताना तो ०.५ होता. २० किलोचे ओझे पाठ वाकवून उचलताना तो २.३ पर्यंत चढला. गुडघे वाकवून उचलताना १.७ राहिला, ओझे अंगाशी धरल्यावर १.१ वर आला. माणूस एकच होता, त्यामुळे हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

याच प्रयोगात झोपेत चकतीतला दाब हळूहळू ०.१ वरून ०.२४ पर्यंत वाढलेला आढळला. रात्री चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्याबरोबर वाकून बर्थखालचे सामान काढणे टाळावे. सकाळी लागणाऱ्या वस्तू रात्रीच कमरेच्या उंचीवर काढून ठेवाव्यात.

मग पडून राहावे का?

पडल्यावर दाब सर्वांत कमी, तर पडूनच का राहू नये? आम्हीही बाईंना हेच सांगितले होते. पण दाब कमी होणे आणि दुखणे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेतील डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांच्या आणि सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना केली. सात दिवस पडून राहण्याचा जास्त फायदा झाला नाही. उलट दोन दिवसांची विश्रांती सांगितलेले लोक कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात तर, झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले.

तेव्हा बोटीवर अर्धा-पाऊण तास बसल्यावर उठावे, कठडा धरून, पाय थोडे फाकवून पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे. बसताना कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी आणि पाठीशी दुसरी लावावी, म्हणजे झोक्याबरोबर अंग लोळत नाही. समुद्र खवळलेला असेल तेव्हा मात्र बसून राहणेच शहाणपणाचे, कारण पडण्याचा धोका कंबरदुखीहून मोठा आहे.

औषधांबाबत दोन इशारे. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनीही येते. दोन्ही एकत्र घेतल्यास तोल जाऊ शकतो. उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडांना धोका असतो. डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर किनारा येण्याची वाट न पाहता बोटीवरच्या डॉक्टरांना ताबडतोब गाठावे.

त्या संध्याकाळी आम्ही बाईंना उठवले. आधी केबिनच्या दारापर्यंत, मग बोटीच्या मध्यावरच्या मोकळ्या जागेत, दर तासाला एक फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेनीला बोट खोल पाण्यात थांबली आणि किनाऱ्यावर न्यायला लहान नावा आल्या. इथे लाट नावेला वर-खाली करत असते. उडी मारायची नाही. नाव वर येऊन पायरीशी समपातळीत आली की नावाडी सांगेल त्या क्षणी एक पाऊल टाकायचे, दोन्ही हात मोकळे ठेवून. आत गेल्यावर पुढच्या टोकाला बसायचे नाही, कारण आपटे तिथेच बसतात.

बाईंनी पिशवी नावाड्याकडे आधीच देऊन टाकली होती. मागच्या बाजूला नीट बसल्यावर त्या म्हणाल्या, "तीस वर्षं तुमच्यासारख्यांना तरफ शिकवली रे, आणि पिशवी हात लांब करून ओढली ती मीच!"