झोप : तास आणि प्रत

परीक्षा जवळ आली की आपण झोपेचे तास मोजू लागतो. परंतु तास भरले म्हणजे झोप झाली असे नव्हे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. ९ निरोगी तरुण-तरुणींची गाढ झोप तीन रात्री आवाज करून, जाग न येऊ देता, उथळ केली गेली. तास तेवढेच राहिले! तरीही इन्शुलिनला दाद देण्याची शरीराची शक्ती सुमारे २५ टक्क्यांनी घटली. मधुमेहाची वाट हीच. हृदयाचेही तसेच. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. झोप वारंवार मोडली की ही विश्रांती हुकते. घोरता घोरता ज्याचा श्वास अडकतो त्याला आपण ‘काय गाढ झोपलाय!’ म्हणतो, त्याचे हृदय मात्र रात्रभर राबत असते.