अनामतीस जामीन कोण?

तुर्भ्याच्या बाजारांत पहाटे ज्या गोण्या उतरतात, त्या कोणाच्या तरी पाठीवरून उतरतात. ती पाठ रात्रीं कोठें टेकते, याची विचारपूस करण्याचा प्रसंग आमच्या व्यापारी वाचकांस क्वचितच येतो. तो आज यावा, अशी आमची इच्छा आहे. एका बाजूस कृषि उत्पन्न बाजार व दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहतींतील कारखाने, अशा या स्थळीं श्रम करणाऱ्यास काम मिळतें. अडतें तें निवाऱ्याशीं. दरमहाचें भाडें तो मजुरींतून भागवूं शकतो. परंतु अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत एकरकमी पुढें ठेव, असें म्हणतांच त्याचा इलाज खुंटतो. मग कर्ज काढणें, किंवा झोपडपट्टींत कागदावांचून पोटभाड्यानें राहणें, एवढेच मार्ग उरतात.

कायदा नाहीं असें नाहीं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमानें प्रत्येक भाडेकरार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची. ती न पाळणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खोली जाण्याचें भय ज्याच्या मानेवर बसलें आहे, तो मालकाकडे कागद मागणार कसा?

सरकारचें लक्ष आजवर मुख्यतः बांधकामाकडे राहिलें. सिडको १९७० सालीं निघाली. तिनें घरें बांधलीं व विकलीं. भाड्याच्या स्वस्त घरांची केंद्राची २०२० ची योजनाही रिकामीं सरकारी घरें आणि नवीन इमारती यांच्याच भोंवतीं फिरली. तथापि २०११ च्या जनगणनेंत देशांतील शहरांत १ कोटीहून अधिक घरें रिकामीं आढळलीं. तेव्हां उणीव केवळ विटांची नाहीं, विश्वासाचीही आहे.

इंग्लंडांत अनेक स्थानिक पालिका ही उणीव भरून काढतात. गरजू भाडेकरूच्या अनामतीबद्दल रोख रकमेऐवजीं पालिका मालकास लेखी हमी देते. भाडें थकलें किंवा घराची खराबी झाली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई करते. हेंच नवी मुंबई महानगरपालिकेनें कां करूं नये? दोन महिन्यांच्या भाड्याची हमी, करारनोंदणीचा खर्च, आणि हमीपूर्वीं खोलींतील पाणी, हवा व शौचकूप यांची तपासणी, एवढ्यावर आरंभ होऊं शकेल.

करदात्यांचा पैसा बुडेल, हा आक्षेप येईलच. पण हमी म्हणजे खर्च नव्हे. दावा आला तरच पैसा जातो. शिवाय परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट आकार वसूल करण्याची सोय त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमांत आहे. म्हणजे मालकही निराधार नाहीं. मजूर व धनी यांच्यामध्यें मंडळ उभें करण्याची कल्पनाही येथें नवी नाहीं. १९६९ च्या माथाडी कायद्यानें मजुरीच्या बाबतींत तेंच केलें, आणि त्याचें फळ हा बाजार रोज पाहतो.

व्यापाऱ्यांस पत म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको. पतीवर माल उचलला जातो, पतीवर दुकान उभें राहतें. हमालापाशीं श्रम आहेत, दरमहाचें भाडें आहे. नाहीं ती पत. पालिकेनें एका वर्षासाठीं, शंभर कुटुंबांपुरता, हा प्रयोग तुर्भ्यांत करून हिशेब लोकांपुढें मांडावा. आणि तशी मागणी प्रथम बाजारांतील व्यापाऱ्यांनींच करावी. ज्यांच्या खांद्यावर बाजाराचा भार आहे, त्यांच्यासाठीं एवढा शब्द टाकणें हा उपकार नव्हे, देणें आहे.