एकट्याने कॅरिबियन क्रूझ: भीती भलत्याच गोष्टींची

कॅरिबियन क्रूझला एकट्याने जायचं म्हटलं की घरून येणाऱ्या शंका ठरलेल्या असतात. समुद्र खवळला तर? बोट लागली तर? जेवायला समोर कुणीच नाही, मग करमणार कसं? रात्री-अपरात्री काही झालं तर? पण घरातला एकही माणूस ‘पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे ना?’ किंवा ‘तिकडच्या बंदरात घड्याळ कोणतं धरायचं?’ असं विचारत नाही. एकट्याची सहल खरी अडते ती मात्र याच ठिकाणी: कागदपत्रं, घड्याळ आणि भाड्याचा हिशेब. दुकट्या प्रवासात यातली एखादी चूक जोडीदाराच्या लक्षात येते. एकटं असताना ती दाखवणारं कुणी नसतं.

मराठी माणसांपुरतं बोलायचं तर या वाटेने जाणारे साधारण तीन प्रकारचे. अमेरिकेत नोकरी करणारे तरुण, मुलांकडे काही महिने राहायला गेलेले आईवडील, आणि थेट पुण्या-मुंबईहून निघणारे हौशी प्रवासी. तिघांच्या अडचणी वेगळ्या, पण गैरसमज बरेचसे सारखे.

गैरसमज: माणूस एक, तर भाडंही एकाचंच.

वस्तुस्थिती: जाहिरातीतला दर ‘माणशी’ असतो खरा, पण एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून काढलेला. केबिनमध्ये तुम्ही एकटेच असलात तर रिकाम्या पलंगाचे पैसेही बहुधा तुमच्याकडूनच घेतले जातात. हा जादा आकार कधी कमी असतो, पण पुष्कळदा पूर्ण दुसरं भाडंच असतं.

तरीही ‘एकट्याला सगळंच दुप्पट’ हेही बरोबर नाही. बंदरांचे कर आणि शुल्क माणशी असतात, म्हणजे एकदाच भरायचे. कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसीही माणशी. मोठ्या अमेरिकी कंपन्यांमध्ये ती सध्या दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर पडते. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. सात रात्रींचं माणशी भाडं ८०० डॉलर, कर १५० आणि बक्षिसी दिवसाला १८ प्रमाणे १२६. जोडीने गेलात तर प्रत्येकी १,०७६ डॉलर. एकट्याने दोन्ही भाडी भरली तर १,८७६. म्हणजे साधारण पावणेदोन पट.

एकट्यासाठी बांधलेल्या केबिनही असतात. नॉर्वेजियन कंपनीच्या ‘एपिक’ या जहाजावर २०१० साली अशा १२८ ‘स्टुडिओ’ केबिन आल्या आणि ही कल्पना रुळली. खोली सुमारे १०० चौरस फुटांची, मुंबईतल्या एखाद्या आटोपशीर बेडरूमएवढी. समुद्राकडे खिडकी नाही, आहे ती आतल्या बोळाकडे उघडणारी. सोबत एक सामाईक बैठकीची खोली, जिचं दार फक्त या केबिनवाल्यांच्या कार्डाने उघडतं. मात्र अशा केबिन मोजक्या असल्याने लवकर संपतात, आणि कधी कधी साध्या दुहेरी केबिनचा एकट्याने भरलेला दर त्यांच्यापेक्षा कमी निघतो. म्हणून करांसकट दोन्ही आकडे शेजारी मांडावेत आणि मगच ठरवावं.

गैरसमज: अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं, मग कागदपत्रांची कटकट कसली?

वस्तुस्थिती: ही समजूत सगळ्यात महागात पडू शकते. एकाच अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परत येणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिकांना पासपोर्टऐवजी जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र चालतं. ही सवलत फक्त त्यांच्यापुरती. भारतीय पासपोर्टवाल्यासाठी जहाज मायामीहून सुटलं की तो अमेरिकेबाहेर गेला, आणि परतताना त्याला नव्याने प्रवेश घ्यायचा असतो. पर्यटक व्हिसावर असाल तर तो अनेक प्रवेशांचा आणि परतीच्या दिवशीही चालू असलेला हवा.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी इथे विशेष जपावं. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे, पण नोकरीची मंजुरी चालू आहे, अशा अवस्थेत बरेच जण अमेरिकेत कायदेशीरपणे राहत असतात. जुन्या व्हिसावर कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची एक सवलत त्यांना ठाऊक असते. एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि अभ्यागतांसाठी ती क्यूबा सोडून आसपासच्या बेटांनाही लागू आहे. एच-१बीला ही बेटांची सवलत नाही. विद्यार्थी असताना निर्धास्तपणे बहामाला जाऊन आलेला मुलगा नोकरी लागल्यावर त्याच भरवशावर निघाला, तर तो अडकू शकतो.

बेटांचे नियमही एकसारखे नाहीत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण सगळ्याच बेटांना हे लागू नाही. मार्गातल्या एका जरी बंदराचा कागद कमी पडला तरी कंपनी तुम्हाला पहिल्याच बंदरात जहाजावर चढू देणार नाही, आणि पैसेही बहुधा परत मिळणार नाहीत. म्हणून आधी मार्ग पाहा, मग प्रत्येक देशाचा नियम, आणि आगाऊ रक्कम त्यानंतर.

गैरसमज: मोबाइल स्वतःच स्थानिक वेळ दाखवतो, उशीर व्हायचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती: उलट मोबाइलच फसवतो. मायामीहून निघालेली अनेक जहाजं सगळी सहलभर मायामीचंच घड्याळ चालवतात. जमैकात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. मेक्सिकोचं कोझुमेल ज्या राज्यात येतं तिथेही २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते. त्यामुळे साधारण मार्च ते नोव्हेंबर या दोन्ही ठिकाणी किनाऱ्यावरचं घड्याळ मायामीच्या एक तास मागे. जहाजाच्या जिन्यापाशी पाटी असते: ‘सर्वांनी साडेचारपर्यंत परतावे’. तुम्ही बाजारात मोबाइल पाहता, साडेतीन वाजलेले. अजून तासभर आहे म्हणून नारळपाणी घेऊन निवांत बसता, आणि नेमक्या त्याच मिनिटाला धक्क्यावर जिना काढायची तयारी चाललेली असते.

चढता-उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर टेकवलं जातं, त्यामुळे कोण परतलं नाही हे जहाजाला कळतं. पण कळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची व्यवस्था करतं. स्वतः टॅक्सी करून गेलेल्याची वाट पाहण्याचं बंधन जहाजावर नाही. मागे राहिलात तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा, आणि विमानाने जायचं तर पासपोर्ट लागणारच. जन्मदाखल्यावर निघालेला अमेरिकी नागरिकही इथे अडतो. उपाय साधा आहे: मनगटावर जहाजाच्या वेळेला लावलेलं साधं घड्याळ, खिशात पासपोर्टची प्रत आणि बंदरातल्या कंपनीच्या एजंटचा फोन नंबर.

गैरसमज: एकदा पैसे भरले की आत सगळं फुकट.

वस्तुस्थिती: केबिन, मुख्य भोजनगृह, बुफे, पोहण्याचे तलाव आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. मद्य, शीतपेयं, खास रेस्तराँ, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि दवाखाना यांचे पैसे सहसा वेगळे. मद्याच्या पॅकेजमध्ये एकट्याचा एक फायदा होतो. अनेक कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं तर बाकीच्यांनीही घ्यावं. एकट्याला ही सक्ती नाही.

मोबाइल मात्र जहाज सुटताच एअरप्लेन मोडवर टाकावा. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. दवाखान्याचं बिलही हलकं नसतं. गंभीर आजाऱ्याला जहाजावरून हलवावं लागलं तर खर्च फारच मोठा होतो. भारतातला नेहमीचा आरोग्यविमा बहुधा इथे कामाला येत नाही. प्रवास विमा घेताना त्यात समुद्रप्रवास आणि आजाऱ्याला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे वाचूनच घ्यावा.

गैरसमज: एकटं म्हणजे एकाकी, शाकाहारी असलो तर उपाशीही.

वस्तुस्थिती: बऱ्याच मोठ्या जहाजांवर एकट्यांसाठी पहिल्या-दुसऱ्या दिवशी गाठीभेटीची वेळ दिलेली असते. ती दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते आणि जहाजाच्या अॅपवरही दिसते. तिथे लग्न जुळवायला कुणी येत नाही. निवृत्त शिक्षिका, सुट्टी जुळली नाही म्हणून जोडीदाराविना आलेले, जोडीदार गमावलेले, मुद्दाम एकटे निघालेले, असे सगळे भेटतात. रात्रीच्या जेवणाची ठरावीक वेळ घेऊन ‘सामाईक टेबल हवं’ असं सांगितलं तर रोज तीच माणसं समोर येतात. बोलायचं नसेल तर बुफे मोकळा आहे.

शाकाहारी आणि भारतीय पदार्थ मोठ्या कंपन्यांकडे मिळतात. जैन जेवणासाठी बुकिंगच्या वेळीच कळवावं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला आठवण द्यावी. स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात भारतीय हात पुष्कळ असतात. गोव्यातली कित्येक घरं बोटीवरच्या पगारावर उभी राहिली आहेत, त्यामुळे एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाच्या पट्टीवर ओळखीचं आडनाव दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

गैरसमज: समुद्रावर कायदा नसतो. एकट्या बाईने तर जाऊच नये.

वस्तुस्थिती: जहाज बहुधा बहामा किंवा पनामाच्या झेंड्याखाली चालतं, हे खरं. पण अमेरिकी बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांना २०१० चा अमेरिकी क्रूझ सुरक्षा कायदा लागू आहे. डेकचे कठडे किमान ४२ इंच उंच, केबिनच्या दाराला बाहेर पाहायचं भिंग, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीसाठी वैद्यकीय तपासणीची सोय, आणि गंभीर गुन्ह्यांची खबर एफबीआयला, ही त्यातली काही बंधनं. गुन्ह्यांचे आकडेही प्रसिद्ध होतात.

आणीबाणीचा सराव निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेण्याचा आजचा नियम एका दुर्घटनेनंतर कडक झाला. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचा होता. जुन्या नियमाने चोवीस तासांची मुभा होती. एकट्याने हा सराव कंटाळवाणा म्हणून उरकू नये. आपलं जमण्याचं ठिकाण पायी एकदा जाऊन पाहावं, कारण गडबडीत ‘चल, इकडून’ म्हणणारं जवळ कुणी नसेल.

बाकी खबरदारी कोणत्याही हॉटेलात घेतो तीच: केबिनचा नंबर नव्या ओळखीत सांगू नये, पेला नजरेआड करू नये, दार आतून लावावं. किनाऱ्यावर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया अशा काही देशांत नागरिकांना लष्करी नक्षीचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. तसली पँट किंवा टोपी घरीच ठेवलेली बरी.

गैरसमज: वादळाच्या मोसमात जीवाला धोका, आणि एरवी बोट लागणारच.

वस्तुस्थिती: अटलांटिकचा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात सप्टेंबरचा मध्य सर्वांत जोराचा. वादळाचा अंदाज काही दिवस आधी येतो आणि जहाज सहसा वादळापेक्षा वेगाने जातं, म्हणून कप्तान मार्ग बदलून ते टाळतो. धोका असतो तो वेळापत्रकाला. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया या वादळांनंतर सेंट थॉमस आणि सेंट मार्टिनसारखी बंदरं काही आठवडे क्रूझसाठी बंद होती. करारात बंदर बदलण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो आणि परत मिळतं ते बहुधा त्या बंदराचं शुल्क तेवढं. अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही दक्षिणेकडची बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर असल्याने या दिवसांत त्यांचा मार्ग बरा.

मुंबई-गोवा क्रूझवर पोट ढवळलं म्हणून घाबरलेल्यांसाठी एक माहिती. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीने चालवलेलं ‘एम्प्रेस’ हे जहाज पूर्वी कॅरिबियनमध्येच फिरत होतं. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने ते मायामीहून बहामाच्या छोट्या फेऱ्यांसाठी आलं. त्याचं ग्रॉस टनेज सुमारे ४८,५००. आणि २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं जवळपास २,४८,७००. हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. मोठी जहाजं सहसा कमी हलतात, शिवाय डोलणं कमी करायला जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात. तरी बोट लागण्याची सवय असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्यावी आणि डॉक्टरांना विचारून गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी.

गैरसमज: जहाज बहामाला गेलं म्हणजे कॅरिबियन पाहून झालं.

वस्तुस्थिती: बहामाची बेटं अटलांटिक महासागरात आहेत, कॅरिबियन समुद्रात नाहीत. तीन-चार रात्रींच्या स्वस्त फेऱ्या बहुधा नासाऊ आणि कंपनीचं खासगी बेट एवढ्यावरच आटोपतात. एकट्याने पहिल्यांदा अजमावून पाहायला त्या उत्तम आहेत, चुकलं तरी नुकसान थोडं. कॅरिबियन बेटांचे वेगवेगळे स्वभाव पाहायचे तर किमान सात रात्री हव्यात. आणि भारतातून जाणार असाल तर जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा. विमान चुकलं तर कंपनीला फोन करायलाही तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.