ब्लॉकेज किती टक्के?

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हाती आला की घरातला पहिला प्रश्न टक्क्यांचा. सत्तर म्हणजे गंभीर, चाळीस म्हणजे वाचलो. डोळ्यांसमोर असतो नळ: गाळ साचत जातो आणि पुरता तुंबला की हार्ट अटॅक.

बहुतेक अटॅक असे येत नाहीत. मेद नळातल्या गाळासारखा आत बसत नाही, तो धमनीच्या भिंतीत शिरतो. तिथे पांढऱ्या पेशी तो गिळतात, गिळता गिळता मरतात आणि भिंतीत मऊ, तेलकट गाभा असलेला थर तयार होतो. रक्त आणि गाभा यांच्यामध्ये असतं फक्त तंतूंचं आवरण. धोकादायक थरात ते 65 मायक्रोमीटरहूनही पातळ असतं. दाहामुळे जमलेल्या पेशींची विकरं ते कुरतडत राहतात. ते फाटलं की गाभ्यातला ऐवज रक्ताला लागतो, प्लेटलेट तिथे चिकटतात आणि गुठळी धमनी बंद करू शकते. (सगळे अटॅक फाटण्यामुळेच येतात असंही नाही. काही वेळा आवरण शाबूत असतं, वरचं अस्तर तेवढं झिजतं.)

गुठळी अटॅकचं कारण की परिणाम, यावर बराच काळ वाद होता. 1980 मध्ये मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅकच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी केलेल्या 126 रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या 110 जणांची धमनी पूर्ण बंद होती. वाद तिथे बराचसा निवळला.

चाळीस टक्क्यांचा थरही फाटतो. तो रक्ताची वाट अडवत नसल्याने टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी) नॉर्मल येऊ शकते आणि कधी महिन्याभरात माणूस आयसीयूत दिसतो. नव्वद टक्क्यांचा अडथळा किरकोळ असं मात्र कुणी समजू नये. जिना चढताना छाती भरून येते ती सहसा अशा अडथळ्यामुळेच.

‘स्टेंट टाकला, काळजी मिटली’ हा दुसरा गैरसमज. अटॅक सुरू असताना स्टेंट जीव वाचवतो, यात शंका नाही. पण हृदयविकार स्थिर असलेल्या 2287 रुग्णांच्या ‘करेज’ चाचणीत (2007) औषधांच्या जोडीला स्टेंट टाकूनही मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. स्टेंट एका जागेवर बसतो, थर मात्र अनेक जागी असतात.

त्या सगळ्या थरांपर्यंत पोचते ती गोळी: कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन. स्टॅटिनने ब्लॉकेजचा टक्का फारसा हलत नाही, म्हणून ‘उपयोग काय?’ असं विचारलं जातं. पण ती दाह कमी करते, आवरण घट्ट करते. 1994 च्या ‘फोर-एस’ चाचणीत 4444 हृदयरुग्णांमध्ये स्टॅटिनमुळे मृत्यूंचं प्रमाण 30 टक्क्यांनी घटलं. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मनाने गोळी सोडली, तर ते काही आठवड्यांत पुन्हा चढतं.