फूटबॉलमधील पाठीमागची फळी

फूटबॉलचा संघ निवडावयाचा झाला, म्हणजे प्रत्येक मुलास पुढें खेळावयाचें असतें. पाठीमागें उभें राहण्यास सहसा कोणी राजी होत नाहीं. गोल करणाऱ्याचें नांव सर्वांच्या मुखीं होतें. न झालेल्या गोलांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तथापि या जागेचें महत्त्व किती आहे, हें श्री. राहुल भेके यांच्या खेळावरून आपणांस नीट समजेल.

श्री. भेके यांचा जन्म १९९० सालीं मुंबईंत झाला. ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी अशा संघांतून खेळून २०१७ सालीं ते बंगळुरू संघांत आले. त्यांचें स्थान बचावफळींत. प्रतिपक्षाच्या गड्यावर दृष्टि ठेवणें, त्याची वाट अडविणें आणि उंच आलेला चेंडू त्याच्या आधीं उडी घेऊन डोक्यानें परतविणें, हें बचावाचें नित्याचें काम. चेंडू कोठें येईल हें ओळखून उडीची वेळ साधणें, हेंच त्यांतील मर्म होय.

हीच विद्या चढाईसही उपयोगी पडते. म्हणूनच कॉर्नर मिळाला, कीं बचावाचे उंच गडी प्रतिपक्षाच्या गोलासमोर जातात. १७ मार्च २०१९ रोजीं, आपल्या दहिसरहून आगगाडीनें जवळच असलेल्या अंधेरीस, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांत बंगळुरू व गोवा यांपैकीं कोणासही गोल करतां आला नाहीं. जादा वेळांत, ११७ व्या मिनिटास, कॉर्नरवरून आलेला चेंडू श्री. भेके यांनीं डोक्यानें जाळ्यांत धाडला आणि बंगळुरूस पहिलें अजिंक्यपद लाभलें. पुढें ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें मुंबई सिटीकडून इराकच्या एअर फोर्स संघावर निर्णायक गोलही त्यांनीं डोक्यानेंच केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्यें भारतीय संघाचा तो पहिलाच विजय.

परंतु अंधेरीच्या सामन्याकडे पुन्हा एकदां पाहूं. त्या हंगामांत सर्वाधिक, म्हणजे १६, गोल करणारा कोरोमिनास गोव्याच्या बाजूस होता. त्यास त्या दिवशीं एकही गोल मिळाला नाहीं. पाठीमागची फळी तोंवर ढळली असती, तर त्या एका गोलानें अजिंक्यपद कसें मिळतें? विद्यार्थिमित्रहो, पुढील डावांत पाठीमागची जागा वांट्यास आली, तर ती कमीपणाची मानूं नका, आणि पालकांनींही घरीं "किती गोल केलेस?" याबरोबरच "किती अडविलेस?" असेंही विचारावें.